ईशान्येचा कोपरा

सावळीरामआप्पा देवरे यांचं उभं आयुष्य सातपूरच्या एका कारखान्यात, लोखंड तापवायच्या भट्टीसमोर गेलं. नोकरीत होते तोवर उकाड्याच्या नावानं बोटं मोडायचे. निवृत्त झाले आणि पहिल्याच हिवाळ्यात कळलं, की आपल्याला गारठा मुळीच सोसत नाही. स्वेटर, वर शाल, त्यावर कानटोपी असा जामानिमा करून ते सकाळभर अंगणात बसत आणि ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत.

अशात पुतण्याच्या साखरपुड्याला गंगापूर धरणाकडच्या एका रिसॉर्टवर जाणं झालं. तिथल्या हिरवळीवर विटांची शेकोटी होती, चांगलं उंच धुराडं असलेली. लाकडं आत जळत होती, धूर सरळ आभाळात जात होता आणि समोर बसलेल्या एकाच्याही डोळ्याला पाणी नव्हतं. आप्पा जेवणाची रांग सोडून तिच्याभोवती फेऱ्या घालत राहिले. मुलीकडच्यांना वाटलं, पाहुणे रुसले.

घरी येताच त्यांनी जाहीर केलं, आपल्या अंगणात अशी शेकोटी बांधायची. त्यांच्या पत्नी कुसाबाईंचं माहेर कळवणकडचं. शेकोटी म्हणजे चार काटक्या आणि मूठभर पाचट, एवढंच त्यांना ठाऊक. तिच्यासाठी आप्पा कागदावर नकाशा काढतात, हे काही पटेना. पण नवरा स्वयंपाकघरात येऊन डब्यांच्या मांडणीत सुधारणा सुचवतो, त्यापेक्षा अंगणात रमलेला बरा, म्हणून त्यांनी मान डोलावली आणि चार दिवस बहिणीकडे मालेगावला निघून गेल्या.

आता प्रश्न जागेचा. फाटकाजवळ स्कूटर, मागे विजेची तार, मधोमध कुसाबाईंचं वाळवण. उरला ईशान्येचा कोपरा, पण त्याला लागून शेजारच्या नवसाबाईंची भिंत. या नवसाबाईंनी समोरच्या चहावाल्याला नुसत्या धुरापायी गल्लीच्या टोकाला हलवलं होतं. तेव्हा वारा नेमका कुठून कुठे जातो, हे आधी पाहायला हवं. आप्पा सकाळ-संध्याकाळ उदबत्त्यांचा जुडगा पेटवून त्या कोपऱ्यात उभे राहू लागले. डोळे अर्धे मिटलेले, ओठांत पुटपुट, "पूर्व… आता जरा दक्षिण…" मग कुसाबाईंच्या डब्यातली रांगोळी घेऊन त्यांनी जमिनीवर चौकोन आखला.

दुसऱ्या दिवशी चौकोनात जास्वंदीचं फूल दिसलं. वाऱ्यानं आलं असेल, म्हणून आप्पांनी उचलून बाजूला ठेवलं. तिसऱ्या दिवशी हळदकुंकू होतं. वारा हळदकुंकू आणत नाही, असा विचार ते करतात तोच नवसाबाई दोन माणसांकडून कडाप्प्याची फरशी उचलवून आल्या. ओट्याच्या कामातून उरलेली होती. ईशान्येला देवाची देवळी बांधताय, तिला आमचाही हात लागू द्या, म्हणाल्या.

 खरं सांगावं तर शेकोटी बांधण्याआधीच विझणार. आप्पांनी फरशी ठेवून घेतली आणि पुढचे दोन दिवस त्या कोपऱ्यात जाताना चपला काढल्या.

कुसाबाई परतल्या, तर अंगणात नारळ. आप्पांनी सगळं सांगितलं. त्या हसत हसत पायरीवर बसल्या, पदरानं डोळे पुसले आणि मग एकदम गंभीर झाल्या.

"फरशी परत द्या, नायतर खरं सांगा. देवाच्या नावावर मी शेकायची नाय."

आप्पा नवसाबाईंच्या दारात गेले. तिथपर्यंत जमवलेली सगळी वाक्यं उंबऱ्यापाशी सांडली.

"वहिनी, ती देवळी नाही. शेकोटी आहे. मला थंडी वाजते."

नवसाबाईंनी गव्हाचं सूप खाली ठेवलं.  बहुधा आपण त्या कोपऱ्याला किती वेळा हात जोडले, ते त्यांना आठवत असावं.

"भाऊजी, अग्नीबी देवच हाय," त्या म्हणाल्या. "वाहिलेलं परत घेत नाय मी. पण धुराडं माझ्या गच्चीच्या वर गेलं पायजे, आणि माझी खुर्ची तिथं राहील."

गवंड्यानं भट्टीच्या विटा लावून शेकोटी उभी केली. धुराडं नवसाबाईंच्या गच्चीहून हातभर उंच नेलं. बसायला पुढे त्यांचीच फरशी. एका संध्याकाळी आप्पांनी बाभळीची लाकडं रचून काडी लावली. धूर डौलात वर गेला, तिथे थोडा रेंगाळला आणि वळून आप्पांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीत शिरला. कुसाबाई खोकत बाहेर आल्या. आता आलेच आहे तर, म्हणून त्यांनी निखाऱ्यांत दोन वांगी सारली. नवसाबाईंनी आधी खुर्ची भिंतीवरून आप्पांच्या हातात दिली, मग स्वतः फाटकातून आल्या. वांगी कधी उलटायची यावरून दोघींचं वाजलं, आणि आप्पा मधे बसून पाठ शेकत राहिले.