पाण्याच्या बायकोचा शेवट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच — आणि तो माणूस आता नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. अनोळखी माणसापुढे तोंड जरा सैल सुटतं.

मी राजुऱ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते. आता निवृत्त आहे. आमच्या भागात मला एका भलत्याच विषयातली जाणकार समजतात — आजचं अरबी-फारसी साहित्य. त्यातलं मिथक, विचारसरणी, आधुनिकता वगैरे. मला अरबी येत नाही. फारसीही येत नाही. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय? तीसेक वर्षांपूर्वी एक फारसी कथा मराठीत आणली, तेवढ्या शिदोरीवर चर्चासत्रांतून बोलत आले.

गेल्या महिन्यात कुरखेड्याची एक मुलगी तिचा प्रबंध दाखवायला आली. हुशार आहे. एका प्रकरणात तिनं मांडलंय, की तिकडचे नवे लेखक जुन्या मिथकांना नकार देतात आणि माणसाला मोकळं करतात. पुरावा म्हणून एका कथेच्या शेवटच्या तीन ओळी दिल्यात. त्या ओळी माझ्या आहेत. अनुवाद माझा, असं नाही म्हणत मी — ओळीच माझ्या. इराणातल्या त्या लेखिकेनं त्या कधी लिहिल्याच नाहीत. मी काय केलं? ‘छान झालंय’ म्हटलं, आणि चहा टाकला.

पण हेच सांगायचं असतं तर एवढं कशाला ताणलं असतं? अनुवादात लोक काय काय करतात. खरी गोष्ट करीमचाचांची आहे.

राजुरा एके काळी निजामाच्या राज्यात होतं. चाचांची शाळा त्या काळातली — उर्दूतून, वर फारसी. जमिनीचे जुने कागद उर्दूत असायचे, ते वाचून घ्यायला गावोगावचे शेतकरी त्यांच्या ओट्यावर यायचे. कोळशाच्या खाणींसाठी जमिनी जायला लागल्यावर तर फारच. शेत कुणाच्या आज्याच्या नावानं होतं, कुठल्या भावाचा त्यात हिस्सा होता — चाचा भिंग लावून, कागद नाकाशी धरून वाचायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पण ते म्हणतील तेच खरं. तहसिलातले बाबूसुद्धा आधी विचारायचे, “करीमचाचाले दाखवलं का?” त्या ओट्यावर बसलेले चाचा मी पाहिलेत. गावाच्या निम्म्या जमिनी त्यांच्या शब्दावर उभ्या होत्या, आणि त्यांना त्याचा गर्व नव्हता. सुख होतं.

त्यांच्या पुतण्यानं दुबईहून फारसी कथांचं एक पातळ पुस्तक आणलं. आमच्या अभ्यास मंडळाचा एक छोटासा अंक निघायचा, त्यासाठी मी चाचांच्या मागे लागले. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली, की मी त्यांच्याकडे. ते ओळ वाचायचे, हिंदी-मराठी मिसळून अर्थ सांगायचे, मी लिहायचे. नवी फारसी त्यांना मधेच अडवायची. “हा लफ्ज आमच्या टायमाले नव्हता, बाई,” म्हणायचे, आणि तरी सोडायचे नाहीत. एका पानाला कधी कधी तीन रविवार.

कथा अशी होती. इराणातल्या एका कोरड्या गावात जमिनीखालून पाण्याचा पाट वाहतो. पाणी आटायला लागलं की तिथे एका विधवेचं त्या पाटाशी लग्न लावतात. तिनं आठवड्यातून एकदा खाली उतरून त्या पाण्यात अंघोळ करायची. त्या बदल्यात गाव तिला धान्य देतं. पुढे एक इंजिनिअर येतो, पंप बसवतो, आणि पाट कोरडा पडतो. गाव तिला सांगतं, तू आता मोकळी. ती मात्र ठरल्या दिवशी अंधारात उतरते, कोरड्या मातीवर बसते, आणि दर वेळेसारखं आठवड्याभराचं सगळं पाण्याला सांगू लागते. शेवटी पाणी तिला म्हणतं — आज उशीर केलास.

एवढंच. लेखिका पंपाला शिव्या देत नाही, बाईला वेडी म्हणत नाही. ही शेवटची ओळ सांगताना चाचांनी भिंग खाली ठेवलं. डोळे पुसले. म्हणाले, “लिवणारी मोठी आहे, बाई.”

आणि मला राग आला. आमच्या घरातून देव गेले ते माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा. बाईचं लग्न पाण्याशी लावायचं, आणि वर पाण्यानं बोलायचं? त्याच साली खाणीमुळे जवळच्या एका गावातल्या विहिरी आटल्या होत्या. तिथल्या बाया विहिरीला हळदकुंकू वाहत बसल्या होत्या, आणि आम्ही मंडळवाले त्यांच्या अर्जावर सह्या घेत फिरत होतो. कथा उपयोगी पडली पाहिजे, असं आम्ही तेव्हा म्हणायचो. मग मी ती उपयोगी केली. माझ्या शेवटात ती बाई पाटाच्या तोंडाशी उभी राहून हसते. लग्नाची बांगडी आत फेकते. आणि साक्षरतेच्या वर्गाला जाते.

दोष मी धम्माच्या शिकवणीवर टाकत नाही. खोटं बोलणार नाही, हे शीलही मी तिथेच घेतलं होतं. दर रविवारी विहारात ते शील उच्चारून, तिथूनच तर चाचांकडे जात होते.

अंक आला. चाचांना छापील मराठी नीट वाचता येत नव्हतं. ते म्हणाले, वाचून दाखवा. मी अंक हातात धरला, त्यात रविवारच्या लिखाणाची जुनी वही ठेवली, आणि वहीतला शेवट वाचला. पाणी बोललं. चाचा खूश झाले. अंकात त्यांचं नाव माझ्या नावाच्या आधी होतं. तो अंक त्यांनी मशिदीत नेला, बाजारात नेला, कागद घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला.

इथे थांबले असते तरी — नाही, थांबले नाही.

त्यांची मुलगी जमीला नवरा गेल्यापासून माहेरीच होती, शिवणकाम करायची. तिची शाळा मराठी. ती माझ्या घरी आली, अंक उघडला आणि म्हणाली, “बाई, अब्बा सांगते ते अलग आहे, अन् इथी हे अलग छापलं. असं काऊन?”

मला खरं सांगता आलं असतं. मी बदललं म्हणून — तीनच शब्द. ती रागावली असती, चाचा दुखावले असते, मंडळात माझी शोभा झाली असती. एवढंच ना? मी म्हटलं, “जमीला, फारसीत असंच आहे. चाचांच्या आता नीट लक्षात राहत नाही. वय झालंय. त्यांना बोलू नकोस, वाईट वाटेल.”

वर दया दाखवली, पाहा.

तिनं बोलून दाखवलं नाही. तिनं काळजी घेतली. चाचांना एकटं बाजारात पाठवणं बंद झालं. गोळ्या ती मोजून द्यायला लागली. ते काही सांगायला लागले, की घरातले एकमेकांकडे बघायचे. माणसाला कळतं हो. महिन्याभरात चाचा कागद वाचताना अडखळायला लागले. वाचलेलं पुन्हा वाचायचे. मग एक दिवस एका शेतकऱ्याला त्यांनी कागद परत दिला: “आदिलाबादले जा, बापू, तिथी उर्दू वाचणारे आहे. मायी याद आता भरोशाची नाई.” हे मी ओट्यासमोरून जाताना माझ्या कानांनी ऐकलं. चालत राहिले.

त्या शेतकऱ्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

एक गोष्ट राहिली. इतका वेळ मी तिच्याच भोवती फिरतेय.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर चाचा कॉलेजात आले. एकटेच, काठी टेकत, जमीलाची नजर चुकवून. स्टाफरूमच्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, “बाई, आता डोये चांगले झाले. ते किताब देजा जरा. घरी सारे म्हणते, मले याद राह्यत नाई. मले फक्त आखरी पान पाहायचं आहे.”

अंकाच्या वेळी त्यांच्याकडून नेलेलं पुस्तक माझ्याच टेबलाच्या खणात होतं. मी म्हटलं, “चाचा, ते प्रेसमध्ये हरवलं.”

त्यांनी काठी दाराच्या चौकटीला टेकवली. मग म्हणाले, “मंग मायंच चुकलं असल. पाणी बोलते, हे मायाच मनातलं असल. बाई, माफ करजा. मायामुयं तुमचं नाव खराब झालं असतं.”

त्यांनी हात जोडले होते. पुस्तक आमच्या दोघांमध्ये होतं — एका लाकडी फळीआड. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. पुस्तक अजून माझ्याकडे आहे.

तेव्हा मी काय म्हटलं? माझ्या आवाजासकट आठवतं मला. “जाऊ द्या चाचा,” असं म्हटलं.

मी त्यांना माफ केलं.