खो-खो नसलेलं गाव

इस्लामपूरहून रोज एसटीनं सांगलीला जाऊन मी एका दवाखान्यात नर्सची नोकरी करत होते. नवरा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता आणि मुलगी नववीत. इंग्लंडातल्या लीड्स शहरात एका मोठ्या रुग्णालयात माझी निवड झाली, तेव्हा घरात सगळ्यांनाच आनंद झाला. शेजारीपाजारी पेढे वाटले ते मुलीनंच. आपल्याला काय सोडावं लागणार आहे हे त्या दिवशी तिच्या लक्षात आलं होतं का, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

ती खो-खो खेळायची. पाचवीत असल्यापासून शाळेआधी मैदानावर हजर असायची. मी तिच्या सरांना सांगायला गेले तेव्हा ते फक्कीनं मैदानाच्या रेषा आखत होते. त्यांनी हातातलं घमेलं खाली ठेवलं.

"मॅडम, औंदा राज्याच्या संघात हिचं नाव पक्कं हाय. एक वरीस थांबता न्हाई यायचं?"

"ती नोकरी थांबणार नाही हो, सर."

"व्हय, ते बी खरंच. तिकडं खो-खो हाय का?"

"असेल," मी म्हणाले. नसणार हे मला माहीत होतं. मुलगी शेजारी बसून बुटाची नाडी बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

लीड्सला आम्ही ऐन थंडीत पोहोचलो. एकमेकांना चिकटलेली विटांची घरं, चार वाजायच्या सुमारास पडणारा अंधार. नवऱ्याच्या कारखान्यातल्या अनुभवाबद्दल तिथं कुणी विचारलं नाही. तो एका गोदामात खोकी भरायच्या कामाला लागला. "व्यायाम होतोय," म्हणायचा. मुलगी शाळेतून आली की मी विचारायची, "कशी गेली शाळा?" ती म्हणायची, "छान."

खरी रुळले ती मी. वॉर्डात मोठे डॉक्टर माझं मत विचारायचे, ऐकून घ्यायचे. सुट्टीच्या दिवशी खिडकीत चहाचा कप घेऊन बसलं की कुणाचं काही देणं-घेणं नसायचं. मला तिथं फार बरं वाटत होतं, आणि याचीच लाज वाटायची. ज्या दोघांना मी उचलून आणलं होतं, त्यांच्यापुढं खूश दिसायचं कसं? घरात शिरताना मी मुद्दाम "दमले बाई" म्हणत शिरायची.

एका दुपारी पाळी लवकर संपली. बसमधून उतरून बागेतून चालले होते, तर तिथल्या सूचना-फलकाच्या लोखंडी खांबापाशी मला मुलगी दिसली. दप्तर बाकावर ठेवून, शाळेच्या गणवेशातच ती पळत होती. समोर मुली ओळीनं बसल्या आहेत असं धरून त्यांच्यामधून नागमोडी वळायची, पुढं खांबाला एका हातानं धरून अंग झोकून द्यायची आणि चिखलात पडायची. उठून हळूच स्वतःलाच म्हणायची, "खो." कुत्र्याला फिरवायला आलेली एक म्हातारी थांबली. पोरीला काही लागलं का, असं विचारत असावी. मुलगी हसून काहीतरी बोलली आणि पुन्हा पळायला लागली.

मी हाक मारायला हवी होती. मी मागं वळले आणि दुसऱ्या रस्त्यानं घरी गेले.

ती आली तेव्हा बाह्या ओल्या होत्या. कुठंतरी धुऊन आली असणार. "पडले गं, चिखल होता," म्हणाली. "जपून," मी म्हणाले.

पुढं तिचा जुना संघ राज्याच्या स्पर्धेत जिंकला. सरांनी सामन्याचा व्हिडिओ पाठवला. फोन घेऊन ती जमिनीवर बसली. "अगं, मागं दे, मागं," असं पुटपुटत तिनं पूर्ण सामना पाहिला आणि शेवटी टाळ्या वाजवल्या. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या शेजारी बटाटे सोलायला लागली. मला राहवेना.

"परत जायचं का आपण?"

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

तिनं हातातला बटाटा खाली ठेवला. "माझ्यासाठी नको, आई. पप्पांनी तिथली नोकरी सोडली. तुला इथं लय आवडतंय. परत गेलो तर ते सगळं माझ्यामुळं होईल. मग आत्ता तुला जसं वाटतंय, तसं मला वाटत राहील."

"मला कसं वाटतंय?"

"दिसतं गं," ती म्हणाली आणि नळाखाली हात धुवायला लागली.

नंतर एका उन्हाळ्यात आम्ही इस्लामपूरला गेलो. सरांनी तिला आग्रहानं मैदानात उतरवलं. बारक्या पोरींनी तिला बघता बघता बाद केलं. गुडघ्यांवर हात टेकून ती धापा टाकत हसत होती. सर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "पोरगी खुशीत दिसतीया, मॅडम," ते म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, हे कळत होतं. तरी मी मान हलवली.

आता ती दुसऱ्या शहरात फिजिओथेरपी शिकते. मैत्रिणी आहेत, सुट्टीत डोंगर चढायला जाते. नवऱ्याला एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात तपासणीचं काम मिळालंय. वॉर्डात कुणी नवीन नर्स केरळातून, फिलिपिन्समधून येते आणि मला हमखास विचारते, "घरचे रुळले का इथं?"

"छान रुळले," मी सांगते. ते खरंही आहे. पण ते सांगताना मला त्या नर्सकडं बघता येत नाही, मी शेजारच्या पेशंटची सलाईन तपासायला लागते.