नमुन्याची भिंत

तारखा आधी देतो, म्हणजे पुढे कोणी "आम्हाला कल्पना नव्हती" असे म्हणायला नको.

पाडव्यानंतरचा पहिला सोमवार. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बंद तेलघाण्याच्या भिंतीवर पांढरा रंग फासण्यात आला. जबाबदार: गल्लीची कला समिती व तिचे अध्यक्ष. त्याच आठवड्यातला गुरुवार. त्या पांढऱ्या रंगावर एका जिवंत माणसाचे चित्र, त्या माणसास न विचारता, काढायला घेण्यात आले. जबाबदार: तीच समिती, आणि भिंतीचे मालक, ज्यांनी फोनवर "करा की" एवढ्या दोन शब्दांत परवानगी दिली. अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस. तो माणूस एक पत्र्याची ट्रंक आणि ब्रशांचा डबा घेऊन एस.टी.त बसला. जबाबदार: वरील सर्व, आणि त्यांच्या जोडीला प्रस्तुत लेखक. तीस वर्षे न्यायालयात कारकुनी केली आहे. स्वतःचे नाव यादीतून गाळणारा फिर्यादी मला कधीच आवडला नाही.

त्या माणसाला सगळी गल्ली 'पेंटर' म्हणत असे. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्यांचा धंदा. एक अक्षर झाले की शिडीवरून उतरत, रस्ता ओलांडत, समोरच्या फुटपाथवर उभे राहत, डावा डोळा मिटत आणि ब्रशाचा दांडा नाकासमोर उभा धरत. मी शेजारी असलो तर म्हणत, "कोर्टसाहेब, अक्षर लांबनं बगायचं असतंय. जवळनं काय, समदंच बरं दिसतंय."

आपणांपैकी ज्यांनी ती भिंत पाहिली असेल त्यांना वेगळे सांगायला नको. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ती पेंटरांची नमुन्याची भिंत होती. नवीन पाटीचे अक्षर आधी तिथे उतरायचे, गिऱ्हाइकाने पसंत केले की मग दुकानावर चढायचे. चाळीस वर्षांत तिच्यावर एवढी अक्षरे साठली होती की मूळ विटा कोणत्या रंगाच्या हे कोणालाच आठवत नव्हते. अक्षरांना पेंटरांनी स्वतःची नावे ठेवलेली. तालमी आणि मटणाची दुकाने यांना जाड मानेचे 'पैलवान'. मंगल कार्यालये आणि साड्यांना शेपट्या काढलेले 'सोयरीक'. दवाखान्यांना उगाच कुठे वळण न घेणारे 'डाक्टर'. एक 'वकिली' नावाचेही होते. त्याचा विशेष विचारला तेव्हा म्हणाले, "दिसाय सरळ, वाचाय अवघड. तुमच्या कोर्टावरनंच काढलंय."

त्यांचा एक नियम होता, आणि तो नियम मला कायद्यासारखा वाटे. शिडी मालकानेच धरायची. नोकर चालणार नाही, भाऊ चालणार नाही. "नाव कुनाचं चढतंय? तुमचं. मग मी पडीन ह्ये भ्या बी तुमास्नीच वाटाय पायजे." एका धान्याच्या व्यापाऱ्याने शिडी धरायला हमाल पाठवला, तर पेंटर वरच्या पायरीवर बसून शेंगा सोलत राहिले. टरफले खाली पडत राहिली. अखेर मालक धोतर खोचून स्वतः बाहेर आला तेव्हा पहिली रेघ उमटली.

मी निवृत्त झालो तेव्हा दारावर पाटी हवी म्हणून त्यांना बोलावले. मजकूर मी रीतसर टंकलिखित करून ठेवला होता: नाव, त्याखाली 'निवृत्त', त्याखाली हुद्दा. पेंटरांनी कागद हातभर लांब धरून वाचला.

"दारावर निवृत्त? पावणं उंबऱ्यातनंच माघारी फिरतील की."

"मग काय लिहायचं?"

"नाव. आन वैनींचं कुठाय?"

आतून पत्नी म्हणाली, "माझं कशाला त्यावर?"

"का? तुमी काय हितं भाड्यानं ऱ्हाताय व्हय?"

माझे नाव त्यांनी एका दमात लिहिले. तिचे मात्र त्यांनी आधी भिंतीवर तीन वेळा लिहून पाहिले. पहिले फारच गोड झाले म्हणाले, दुसरे रागीट. तिसऱ्याच्या वेळी मला हाक मारली. मी रस्त्यापलीकडून पाहिले आणि खरोखरच ती तिथे उभी असल्यासारखे वाटले. ती गेली त्याला आता काही वर्षे झाली. दारावरची पाटी आहे. पण दारावरच्या पाटीवर ते नाव माझ्या नावाखाली असते. भिंतीवर ते एकटे होते, मोठे होते, आणि रोज सकाळी दुधाला जाताना मी त्याच्यासमोर क्षणभर थांबत असे. हे मी आजवर समितीला दिलेल्या कोणत्याही पत्रात लिहिलेले नाही.

पुढे गल्लीचे दिवस पालटले. घाणा बंद पडला, पिठाची गिरणी गेली, शिंपी गेले. त्यांच्या जागी काय आले ते आपण पाहतच आहात. कॉफीची दुकाने आली. मातीची भांडी शिकवणारा वर्ग आला. पुस्तकांचे दुकान आले, ज्यात पुस्तकांपेक्षा कुंड्या जास्त. कोल्हापुरी चपलांचा 'स्टुडिओ' आला. तिथे काचेच्या कपाटात दिव्याखाली एकच चप्पल ठेवलेली असते, जणू तिची प्राणप्रतिष्ठा झाली आहे. तांबडा रस्सा बोटभर पेल्यात मिळू लागला. चुरगळलेले कपडे ही ऐपतीची खूण झाली. शनिवारी संध्याकाळी तरुण मंडळी कविता वाचतात आणि ऐकणारे टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवतात.

मी या सर्वांविरुद्ध पत्रे लिहिली. फुटपाथवरील खुर्च्यांविरुद्ध, भिंतीला टांगलेल्या सायकलींविरुद्ध, बासरीविरुद्धसुद्धा. मात्र त्या काळात एकही कवितावाचन चुकवले नाही, हेही नोंदवतो. मागच्या बाकावर बसत असे. माझ्या शेजारी पेंटर बसत, कारण त्या मुलामुलींनीच त्यांना ओढून आणलेले असे. गल्लीतल्या जुन्या माणसांकडे या नव्या माणसांचे लक्ष होते. मला ते आवडू लागले होते.

कॅफेची मालकीण ही उचगावची मुलगी. तिने पाटीसाठी बोलावले तेव्हा पेंटर, अक्षर ठरवण्याआधी दुकान न्याहाळायच्या आपल्या रिवाजाप्रमाणे, अर्धा दिवस दुकानात बसून राहिले. तिने त्यांना साखर-दूध नसलेली कॉफी दिली. एक घोट घेऊन त्यांनी कप बाजूला सरकवला.

"पोरी, ह्ये तू इकतीस?"

"विकते की मामा."

"आन लोक पैसं दिऊन पित्यात?"

"रांग लागते."

"मग बारीक अक्षर घे. एवढं कडू मोठ्यांदा सांगू न्हाय."

ती इतकी हसली की गिऱ्हाइके वळून पाहू लागली. दुसऱ्या दिवशी शिडी तिनेच धरली, भर उन्हात, दुपारपर्यंत. ते बारीक, किंचित तिरके अक्षर गल्लीत गाजले. चपलांच्या स्टुडिओने त्यांना बोलावले, पुस्तकवाल्याने बोलावले. छापील फलकांमुळे दहा-बारा वर्षे बसून असलेले पेंटर पुन्हा शिडीवर दिसू लागले. नमुन्याच्या भिंतीवर नवी अक्षरे चढली, आणि ती पाहायला परगावची माणसे येऊ लागली.

माणसे येऊ लागली तशी भिंतीवर पोस्टरे आली. योगशिबिर, गिटारचे वर्ग, विनोदाचे कार्यक्रम. एके सकाळी पाहतो तो माझ्या पत्नीच्या त्या तिसऱ्यांदा लिहिलेल्या नावावर दात काढून हसणाऱ्या एका इसमाचे पोस्टर चिकटवलेले. मी घरी आलो, चहा न घेता बसलो, आणि कला समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले: 'सदर भिंतीवरील सर्व अनधिकृत मजकूर तत्काळ हटवण्यात यावा.'

सर्व. इतरांच्या मसुद्यांत हा शब्द दिसला की तीस वर्षे मी समासात लाल शाईने लिहीत आलो होतो: 'अपवाद नमूद करा.' स्वतःच्या मसुद्यात मी अपवाद नमूद केला नाही. पत्र हाती दिले, पोच घेतली, समाधानाने घरी आलो.

त्या सोमवारी पेंटर एका हॉटेलच्या पाटीसाठी आठवडाभर पन्हाळ्याला गेले होते. मी दुधाला निघालो तेव्हा रंगवाले भिंतीच्या अर्ध्यावर पोहोचले होते. मी ओरडलो. अध्यक्ष तिथेच उभे होते. तरुण वास्तुविशारद आहेत, केसांची शेंडीसारखी गाठ बांधतात, स्वभावाने वाईट नाहीत. म्हणूनच माझा राग अधिक आहे.

"काका, तुमच्याच पत्राची अंमलबजावणी चाललीय की."

"मी पोस्टरांबद्दल लिहिलं होतं."

त्यांनी खिशातून माझेच पत्र काढले. "ह्यात पोस्टर हा शब्द कुठाय?"

नव्हता. लोक स्वतःच्याच कागदाने हरतात हे मी आयुष्यभर टेबलामागून पाहिले होते. त्या दिवशी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी होतो. अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी करू नका काका. मामांसाठी सरप्राइज आहे."

सरप्राइज असे होते: दोन मजले उंच पेंटर. पांढरी दाढी, ओलसर डोळे, हातात रंगांची पॅलेट. पेंटर परतले तेव्हा चित्राचा चेहरा पुरा झाला होता आणि खालचा मजकूर सुकत होता. ते सवयीने रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. डावा डोळा मिटला. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

मग म्हणाले, "नाक झ्याक काढलंय. माझं न्हवं, पन झ्याक हाय."

त्यांनी ब्रशाचा दांडा चित्रातल्या हाताकडे वळवला.

"हातात ताट कसलं दिलंय?"

"पॅलेट म्हणतात. रंग कालवायला."

"मी करवंटीत कालवतो की. इचारलं असतं तर दिली असती." मग खाली बोट दाखवून, "ह्ये इंग्रजीत काय?"

मी वाचले. द लास्ट पेंटर. अर्थ सांगायचा नव्हता, पण त्यांनी पुन्हा विचारले. "शेवटचा पेंटर," मी म्हणालो.

"शेवटचा?" त्यांनी ब्रशांच्या डब्याकडे पाहिले. "मग पन्हाळ्यास्नं मी आता काय करून आलो?"

मी त्यांना माझ्या पत्राविषयी तिथेच, उभ्या उभ्या सांगितले. अपवाद नमूद न केल्याचेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि भलतेच विचारले.

"म्हंजे वैनींचं बी गेलं?"

"गेलं."

"तुमी जिवाला लावून घिऊ नगा. पांढरीफेक भिंत असती तर उद्यापास्नं परत लिवलं असतं, काय अवघड हुतं? पन आता तितं मीच उभा हाय. माझ्याच तोंडावर कसं लिवू, सांगा?"



त्यानंतर पेंटर भिंतीसमोरच्या कट्ट्यावर बसू लागले. काम घेत नसत. नमुना कुठे दाखवू, असे गिऱ्हाइकाला विचारत. परगावची मंडळी चित्रासमोर फोटो काढत. एकदा एका मुलीने अतिशय अदबीने त्यांना म्हटले, "आजोबा, जरा बाजूला होता का? फोटोत येताय." मी उठून काही बोलणार तोच पेंटरांनी माझे कोपर धरले. "बसा, कोर्टसाहेब. बरोबर हाय तिचं." आणि ते बाजूला झाले. थोड्याच दिवसांनी ते मुलीकडे आजऱ्याला निघून गेले. शनिवारच्या कविता अजून होतात. दोनदा जाऊन पाहिले, आता जात नाही. शेजारची जागा रिकामी राहते आणि चुटक्यांचा आवाज फार मोठा वाटतो.

दिवाळीनंतर मी आजऱ्याला जाऊन आलो. काजूच्या कारखान्यामागे मुलीचे घर आहे. पेंटर घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. कारखानदार पाटीसाठी दोनदा येऊन गेला, पण ह्यांनी ब्रशाला हात लावला नाही, अशी तक्रार मुलीने माझ्याकडे केली. मी विचारले, "गल्लीत परत याल का?"

"येतो की. पन माझं तोंड पुसा तितलं. मला भिंत पायजे, फोटू नगं."

"चाळीस वर्षांचं काम होतं पेंटर. आता पुन्हा..."

"मी कुटं म्हनतोय पुरं हुईल? सुरू तर करूया."

चहाची भरलेली बशी त्यांनी ओठांपर्यंत नेली. एक थेंब सांडला नाही.

परतल्यापासून समितीला चार पत्रे दिली. चौथ्यावर कॅफेच्या मालकिणीनेही सही केली. सही करण्यापूर्वी तिने मजकूर दोनदा वाचला आणि म्हणाली, "काका, ह्या वेळी नीट लिहिलंय ना? न्हायतर सगळी गल्लीच पुसतील." उत्तर म्हणून एक छापील ओळ आली: 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' त्यासोबत पर्यटकांसाठीची पुस्तिका होती. तिच्यात त्या चित्राखाली लिहिले आहे, 'गल्लीच्या हरवलेल्या कारागिराला आदरांजली.' हरवलेला कारागीर कोल्हापूरहून एस.टी.ने काही तासांच्या अंतरावर राहतो. पत्ता मी चारही पत्रांत दिलेला आहे.

म्हणून अध्यक्ष महाशय, पाचवे पत्र लिहीत नाही. हे सर्वांसमोर विचारतो. तुमचा हेतू चांगला होता हे मला मान्य आहे, माझाही चांगलाच होता. माझी चूक मी वर नमूद केली आहे. आता तुमचे सांगा. येत्या शनिवारी संध्याकाळी गल्लीतली सगळी माणसे जमलेली असतील तेव्हा त्या भिंतीसमोर उभे राहा आणि मोठ्याने एकच गोष्ट सांगा: ते चित्र पुसून भिंत त्या माणसाला परत देणार की नाही? नोंद घेतली, विचाराधीन आहे, ठराव मांडू, यांपैकी काहीही चालणार नाही. त्यांचा हात अजून स्थिर आहे. तो किती दिवस स्थिर राहील हे ना तुमच्या समितीच्या हाती आहे, ना माझ्या. हो किंवा नाही, एवढेच बोला.