हॅनामावशींची केरसुणी

लिआचा फोन आला तेव्हा मी तांजोंग पगारच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. "आई गेली," एवढंच ती मराठीत बोलली आणि पुढे नुसतं रडणं... एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलणारी पोर, पण त्या क्षणी तिला मराठीच सुचलं. मी कुणालाही न विचारता उठले.

क्वीन्सटाउनच्या जुन्या ब्लॉकमध्ये लिआच्या आईचा, म्हणजे हॅनामावशींचा, आणि माझा फ्लॅट शेजारीशेजारी. मावशी अलिबागकडच्या बेने इस्रायली, कोकणातल्या मराठी ज्यू. मी पुण्याच्या भिक्षुकांच्या घरातली. आमची ओळख झाली राखेवरून. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात इथले सिंगापुरी चिनी शेजारी पितरांसाठी खाली कागद जाळतात, आणि राख उडून आमच्या कॉरिडॉरभर होते. मी तणतणत तक्रार करायला निघाले होते, तर मावशी गावाहून आणलेल्या केरसुणीने सगळ्यांच्या दारापुढची राख लोटत होत्या. "तक्रार कसली करतेस? जेरुसलेमच्या मंदिरात पुरोहिताचं सकाळचं पहिलं काम हेच. वेदीवरची राख काढायची, कपडे बदलून ती वस्तीबाहेर टाकायची. आशीर्वादबिशीर्वाद नंतर."

मग चहाबरोबर कळत गेलं. पहिल्या पुरोहिताच्या, अहरोनाच्या, वंशातले ते पुरोहित, कोहेन. त्यांच्या हाताखाली लेवी, दारं राखणारे, गाणारे. जमिनीची वाटणी झाली तेव्हा या मंडळींना वाटा मिळाला नाही. लोक देवाला आणतील त्यातला हिस्सा खायचा. "म्हणजे लोकांनी आणलं तरच यांची चूल पेटायची. विसरू नये माणसाने," असं म्हणून त्या जावयाकडे बघायच्या. कारण लिआचा नवरा एझ्रा इथल्या बगदादी ज्यू घराण्यातला, आणि कोहेन. बेने इस्रायलींत कोहेनच नाहीत. एकदा त्याने भोळेपणाने कारण विचारलं. "आमची बोट कोकणकिनाऱ्याला फुटली," मावशी म्हणाल्या, "आणि पुरोहितांना पोहता येत नव्हतं." मी हसू दाबत होते, पण त्या लगेच गंभीर झाल्या. "पुरोहित नव्हता, पोथी नव्हती. तरी आमच्या तेल गाळणाऱ्या लोकांनी शनिवारी, देवाच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवला. कुणाच्या परवानगीने? स्वतःच्या."

दफनाच्या वेळी एझ्रा कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उन्हात उभा राहिला. कोहेनाने मृताजवळ जायचं नाही, अगदी जवळचं रक्ताचं माणूस असेल तरच सूट. सासू त्यात बसत नाही. मला भयंकर राग आला. मावशी असत्या तर त्यांनी मलाच दटावलं असतं, नियम आहे त्याचा, पाळू दे.

पण मलिद्याच्या बाबतीत मी ऐकून घेणार नव्हते. महिना भरला की मलिदा करायचा, हे मावशींनी लिआकडून कबूल करून घेतलं होतं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं. एलियाहू नबीचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी खायचं. एझ्रा म्हणाला, अर्पण जेरुसलेमच्या मंदिराबरोबर संपलं, ते पुरोहितांचं काम होतं. हा तर हिंदू प्रसाद वाटतो. मी म्हटलं, "भिक्षुकाची मुलगी सांगते, हा आमचा प्रसाद नाही. ज्यांनी देव पाठीवर बांधून आणला, त्यांचा आहे. तुमचं मंदिर पडलं तेव्हा पुरोहित बिनकामाचे झाले. मावशींसारख्या बायकांचं काम थांबलं नाही." लिआने डोळे पुसले आणि परात काढली. "मी करणार. कॅन, लाह," ती इथल्या बोलीत म्हणाली, म्हणजे जमेल की.

मी खोबरं खवलं. बाहेर सातवाच महिना चालू होता, दारापुढे राख पसरली होती, आणि पाहुणे यायची वेळ झाली होती. एझ्राने स्वयंपाकघरात डोकावून केरसुणी कुठे आहे विचारलं. मी दारामागे बोट दाखवलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला तो माणूस वाकून लोटू लागला, अगदी वाईट लोटत होता, निम्मी राख बुटांवर. पण आमच्या दाराशी थांबला नाही, पार लिफ्टपर्यंत गेला. मग आत येऊन शर्ट बदलला.

मलिदा त्याने खाल्ला नाही. वरची सफरचंदाची फोड तेवढी घेतली. न का खाईना.

मावशींचा फ्लॅट आता लिआ विकणार आहे. सामान वाटलं जातंय, मला परात घे म्हणाली. मी केरसुणी मागितली, तर ती एझ्राने आधीच उचलून नेली होती.