लेपालकाचं दुकान

अब्बा गेले त्याच्या चाळिसाव्या दिवशी मी घरच्या बायांच्या चटईवर बसली होती. चाची जवळ आली. म्हणाली, "इथं घरचे लोक बसतील. तू बाहेर मांडवात बस."

मी उठली. साऱ्या बायांसमोर उठली.

अब्बा-अम्मीला मूल नव्हतं. लाखांदूरकडची एक मजूर बाई बाळंतपणात गेली, तिची तान्ही पोरगी अब्बानं घरी आणली. ती मी. लोक मला लेपालक म्हणायचे. अब्बासमोर कोणाची हिंमत नव्हती.

जेवणं झाली आणि चाचा एकदम गोड बोलायला लागला. तुझं लग्न आम्ही लावू म्हणाला. अब्बाच्या आजारपणात हा एकदा आला नाही. आता माझी काळजी काहून? तिकडं त्याचा पोरगा भंडाऱ्यातल्या आमच्या भांड्यांच्या दुकानाचं कुलूप ओढून पाहून आला होता.

मग मौलानांसमोर बैठक बसली, तिथं खरं निघालं. चाचा म्हणाला, "शरियतमध्ये लेपालकाला वारसा नाही. चौथा हिस्सा भाभीचा, बाकी माझा. दुकान खाली कर."

अम्मीनं मान खाली घातली. चाचाचं हिच्याशी आधीच बोलून झालं काय? अम्मीवरच शंका आली. इतकं वाईट मला अब्बा गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

पण मी बोलली. "मी वारसा मागूनच नाही राहिली. अब्बा धडधाकट होते तेव्हाच त्यांनी दुकान मले दिलं. हिबा केला, म्हणजे बक्षीस दिलं, चाबी हातात दिली. तवापासून गल्ल्यावर मीच बसते. मौलाना, तुमी होते तिथं. सांगा."

मौलानांनी चाचाकडं पाहिलं. म्हणाले, "मले आठवत नाही."

 मग अम्मी बोलली. "मले आठवते."

चाचाचा चेहरा पडला. त्यानं कोर्टात केस टाकली.

आता चाची सारखी येते. अम्मीला चार दिवस आरामाला नेते म्हणते. आराम कशाचा, मला समजते. अम्मीची साक्ष अजून व्हायची आहे. मी तिला पाठवत नाही. नातेवाइकांकडून डबा आला तरी आधी विचारते, कोणी दिला, कायले दिला.

मौलाना रस्त्यात भेटले तर सलाम करते. थांबत नाही.

भंडाऱ्यात हरली तर नागपूरला हायकोर्टात जाईन. दुकान देत नाही.