मुंजूला घातलेली भीती

शकुबाईला बाळघरात सगळे मावशी म्हणत. एकटा मुंजू तिला माय म्हणायचा आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

कळमनुरीच्या रस्त्याला, फाट्यापासून हाकेच्या अंतरावर मिशनचं आवार होतं आणि त्यात हे बाळघर. बाळंतपणात आई गेली की मागं राहिलेलं तान्हं लेकरू बापानं इथं आणून द्यायचं. पावडरीच्या दुधावर ते वाढायचं, दोन वर्षांचं होऊन भाकरी चावायला लागलं की बापानं घरी न्यायचं, असा नेम होता. शकुबाई तिथं आया होती. औंढ्याकडच्या खेड्यातली, बौद्ध घरातली बाई. नवरा दगडोबा त्याच आवारात राखणदार, आणि दोघांना राहायला फाटकाजवळची एक खोली. तिची स्वतःची कूस तीनदा उजवली होती आणि तिन्ही लेकरं महिन्याच्या आत गेली होती. मग तिनं आस सोडली आणि दुसऱ्यांची लेकरं न्हाऊमाखू घालायला लागली. तेरा वर्षांत चाळीसेक लेकरं तिच्या हाताखालून गेली, पण एकासाठीही तिनं जेवण टाकलं नव्हतं. "आपली धरमशाळा हाय बाबा, आलेल्यानं जायचंच," असं ती म्हणायची आणि ते तिला खरंच वाटायचं.

मुंजू आला दुष्काळाच्या सालात. त्याची आई पोटुशी असून खडी फोडायला जायची. तिथंच तिला कळा लागल्या, आणि बाळंत होऊन ती गेली. तिसऱ्या दिवशी त्याचा बाप, साखऱ्याचा जळबा, टोपलीत धडप्याखाली झाकून लेकरू घेऊन आला. नाव विचारलं तर म्हणाला, मुंजाजी. एवढं बोलून तो ओसरीवरच्या खांबाला टेकून बसला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही. लेकरू इतकं बारीक होतं की बाळघर चालवणाऱ्या मेट्रनबाईंनी त्याचा पाळणासुद्धा मांडायला घेतला नाही. शकुबाईनं त्याला पोटाशी बांधलं आणि तसंच बांधून ती कामं करत राहिली. महिना झाला, महिन्यावर एक दिवस झाला, दोन झाले, आणि शकुबाईची धर्मशाळा बंद पडली.

लेकरांनी मोठ्या खोलीतच झोपायचं, असा नियम होता. मुंजू फाटकाजवळच्या खोलीत झोपायचा. मेट्रनबाईंना ते ठाऊक होतं, पण शिस्तीच्या बाईलाही कधीतरी आंधळं व्हावं लागतं. सकाळी उठलं की ते पोरगं दगडोबाच्या वहाणेत दोन्ही पाय घालून उभं राहायचं, आणि म्हातारा एका वहाणेनिशी आवारभर लंगडत फिरायचा. "ह्या राजाला सांग, मला कामाला जायचं हाय," तो बायकोला म्हणायचा. राजाच्या तोंडी सारखं "दे" असायचं. भाकरी दे, चांदोबा दे, कोंबडी दे. शकुबाई एरवी फार तोंडाळ बाई, पण त्याच्याशी बोलताना तिचा आवाज असा काही मऊ व्हायचा की दगडोबाला नवल वाटायचं.

दुष्काळ सरला, पावसाची दोन वर्षं झाली, आणि त्या दिवाळीला जळबा आला. मुंजू झोपला होता. जळबानं त्याच्याकडं लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "उन्हाळ्यात लगीन केलं, मावशी. रुक्मा म्हनती, आपलं लेकरू लोकाच्या दारात काहून? नाताळाला समद्यांना बोलावत्यात न्हवं, तवा घेऊन जाईन."

शकुबाई "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पण त्या दिवसापासून सावत्र आई हा शब्द तिच्या डोक्यातून निघेना. ती रुक्मा कशी आहे, गोरी की काळी, हे तिला ठाऊक नव्हतं. तरी ती लेकराला उपाशी ठेवील, डाग देईल, एवढं सगळं शकुबाईनं मनातल्या मनात ठरवून टाकलं.

मग तिनं एक खेळ काढला. कुंपणाबाहेरच्या रस्त्यानं लाल पटका बांधलेला माणूस चालला की ती मुंजूला कुशीत ओढायची आणि कानात म्हणायची, "आला बघ पटकेवाला! पिशवीत घालून नेतो. लप, लप!" मुंजू पदराखाली शिरायचा. पटकेवाला लांब गेला की ती पदर उचलायची आणि त्याचा मुका घ्यायची. पहिले आठ दिवस तो पदराखाली हसायचा. पुढं हसायचा बंद झाला आणि थरथरायला लागला. आवारातली माणसं टोपीवाली नाहीतर बोडकी. पटका म्हणजे रस्ता, पटका म्हणजे बाहेरचा माणूस. जळबाही लाल पटकाच बांधायचा, आणि हे शकुबाईला चांगलं ठाऊक होतं. 'आपण खेळून राहिलो,' असं ती स्वतःला सांगायची. माणसानं जगाशी खोटं बोलावं, पण स्वतःशी बोलताना तरी लाज बाळगावी.

दगडोबाला ते कळलं तेव्हा तो रागावला. "लेकराच्या काळजात काहून भेव घालून राहिली? बाप हाय त्याचा."

"दोन वर्सं कुठं व्हता बाप?"

"पोटाच्या मागं व्हता. आपल्यासारकाच." एवढं बोलून दगडोबा बाहेर गेला. भांडण त्याला जमायचं नाही, तेवढंच एक त्याचं चुकलं.

नाताळ आला. तो शकुबाईचा सण नव्हता, पण तिच्या हाताशिवाय तिथल्या करंज्या होत नसत. कामट्यांना पतंगाचा कागद चिकटवून चांदण्या झाल्या, गव्हाणीसाठी कडबा आला. येशूजन्माच्या देखाव्यात बाळघरातल्या लेकरांना मेंढरं करायचं ठरलं होतं. बंड्यांना खळ लावून त्यावर कापूस डकवायचा. मुंजूनं आधी खळ खाल्ली, मग स्वतःच्या अंगावरचा कापूस उपटून शेजारच्या मेंढराच्या तोंडात कोंबला. बायका हसून हसून बेजार झाल्या. शकुबाईही हसली, पण तिची नजर फाटकावर होती.

जळबा आला तेव्हा पेटी वाजत होती. हातात पिशवी, डोक्याला धुतलेला लाल पटका. लेकरासाठी त्यानं पाळण्यावर टांगायचं चिमण्यांचं खेळणं आणलं होतं. त्याच्या लेखी लेकरू अजून पाळण्यातच होतं. गाणं संपल्यावर मेट्रनबाईंनी त्याला पुढं बोलावलं, आणि तो अंगावर कापूस असलेल्या आपल्या पोराकडं बघून हसत पुढं झाला.

मुंजूनं पटका बघितला. पिशवी बघितली. मग तो असा ओरडला की गव्हाणीजवळ बसलेली सगळी मेंढरं एकदम रडायला लागली. धावत येऊन तो शकुबाईच्या लुगड्यात शिरला. जळबानं चिमण्या वाजवून दाखवल्या, बोरं दाखवली. शेवटी पटका काढून काखेत धरला आणि बोडक्यानं खाली बसला. चारचौघांत पटका उतरवायचा म्हणजे काय, हे तिथल्या बायकांना कळत होतं. त्यांनी माना खाली घातल्या. लेकरू काही बाहेर आलं नाही. भीतीनं त्याला लघवी झाली होती, आणि तो ओलावा शकुबाईला पायावर जाणवत होता.

"वळखंना," जळबा म्हणाला. "कसं वळखंल? म्या तरी कुठं वळखीचा हाय. राहू द्या बाई त्याला हितंच. मारून मुटकून नेलं तर मरंल माझ्या दारात. एक मेलं तेवढं बास झालं."

मेट्रनबाईंनी त्याला आत नेलं, समजावलं. तो ऐकेना. बाप लेकरू नेत नाही असा कागद झाला, त्यावर अंगठा झाला. पिशवी उचलून जळबा फाट्याकडं निघून गेला. हिंगोलीला जाणारी गाडी चार वाजता होती.

शकुबाईनं मुंजूला धुतलं, कोरडं केलं, पोटाशी धरलं. सकाळपासून तिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आता तिनं एक करंजी खाल्ली, मग दुसरी खाल्ली. जळबाचं बोडकं डोकं मधूनच डोळ्यापुढं यायचं, पण ती ते बाजूला सारायची. लेकरू आपलं झालं. सुख एवढं सोपं असतं, असं त्या एका तासात तिला वाटलं.

तीन वाजता मेट्रनबाईंनी तिला बोलावलं.

"मुंजाजीचे कपडे काढून ठेवा, शकुबाई. नव्या वर्षात पाच मुलं मोठ्या बोर्डिंगला पाठवायची आहेत. त्यात तोही जाईल."

"कुठं, बाई?"

"लांब आहे. आगगाडीनं दोन दिवस."

"पर बापानं तर म्हनलं, राहू द्या हितंच."

"इथं दोन वर्षांवरचं मूल ठेवत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. बापानं नाही म्हटलं की मूल संस्थेचं होतं."

"माझ्यापाशी राहील. माझ्या खोलीत. मी सांभाळते की."

मेट्रनबाईंनी कागदावरून डोळे काढून तिच्याकडं बघितलं. त्यांचा आवाज कठोर नव्हता, हेच वाईट होतं. "असं वाटलं होतं का तुम्हाला? अहो, आयाला मूल देता आलं असतं, तर मी पहिल्या वर्षीच दिलं असतं."

आयाला लेकरू मिळतं का, हा प्रश्न तेरा वर्षांत शकुबाईनं कधी विचारलाच नव्हता. ज्यांना घरचं कुणीच नाही अशी लेकरं आगगाडीनं जातात, हे तिला ठाऊक होतं. पण मुंजूला माय होती. माय असलेलं लेकरू असं जाईल, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. सावत्र आईच्या भीतीनं तिनं त्याला आगीतून ओढून सरळ फुफाट्यात टाकलं होतं. साखऱ्याला गेला असता तर नजरेला तरी पडला असता. जत्रेत, बाजारात, एखाद्या गाडीत.

मग तिनं सगळं सांगून टाकलं. पटका, पिशवी, पदर. सांगताना ती रडली नाही. मेट्रनबाईंनी तो अंगठ्याचा कागद टपालातून काढून खणात ठेवला.

"चारची गाडी आहे. बाप भेटला तर मूल त्याच्या हातात द्या. नाही भेटला, तर सकाळी हा कागद जाईल." आणि चेहरा दुसरीकडं करून त्या म्हणाल्या, "असं का केलंत हो, शकुबाई?"

फाट्यावर लिंबाखाली जळबा एकटाच बसला होता. पटका पुन्हा बांधायचं त्याला सुचलं नव्हतं. मुंजूला काखेत मारून पळत आलेल्या शकुबाईला बघून तो उठला. ती धापा टाकत म्हणाली, "दादा, लेकरू तुमाला न्हाई भ्यालं. ते पटक्याला भ्यालं. म्याच भिववलं त्याला. रोज, दीड महिना."

"काहून?"

तिनं मुंजूला काखेत वर सरकवून घट्ट धरलं. जळबानं शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता बघत राहिला, आणि बघता बघता त्याचा राग निघून गेला. बाईच्या काखेतलं लेकरू त्यानं बघितलं होतं ना.

"न्या त्याला," ती म्हणाली. "न्हाई नेलं तर लई लांब पाठवत्यात. रुक्माबाईला म्हनावं, त्याला कालवनात तिखट चालत न्हाई. निजताना कान धरून निजतो. आपला न्हाई, दुसऱ्याचा."

गाडी आली. जळबानं हात पुढं केले आणि मुंजूनं दोन्ही हातांनी शकुबाईच्या गळ्याला मिठी घातली. "माय, माय," करून तो किंचाळायला लागला. त्याची बोटं सोडवावीत तर पाय आवळायचे, पाय सोडवावेत तर दातांत पदर. कंडक्टर दारातून ओरडला, "यायचं का न्हाई? का मुक्काम करू?" गाडीतले लोक वाकून बघायला लागले. जळबाचे हात खाली आले. "जाऊ द्या, मावशी. असं ओरबाडून न्हाई न्यायचं मला," तो म्हणाला आणि एकटाच पायरीकडं वळला.

तेव्हा शकुबाईनं मुंजूला मारलं. गालावर, हात पुरता उगारून मारलं. दोन वर्षांत तिनं त्याला बोट लावलं नव्हतं. तो रडायचा थांबला. त्याला ते कळेचना. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, तर तिनं डोळे वटारले आणि पुन्हा हात उचलला. "जा! व्हय लांब!"

मुंजूची मिठी सुटली. लेकराला मारणाऱ्यापासून लांब जायचं असतं, आणि जवळ दुसरं माणूस एकच होतं. त्यानं जळबाकडं हात केले. जळबानं त्याला उचलल्यावर बापाच्या मानेत तोंड खुपसून तो गप्प झाला. गाडी सुटली. खिडकीतून जळबानं त्याचा हात धरून "मायला टाटा कर" म्हणून हलवायला बघितलं. मुंजूनं हात ओढून घेतला.

शकुबाई परत आली तेव्हा पाच वाजले होते. अकरा लेकरांना दूध पाजायचं होतं. त्यांच्या अंगावरचा कापूस निघाला होता, खळ मात्र वाळून चिकटून बसली होती. ती तिनं ओल्या फडक्यानं एकेकाची काढली, दूध पाजलं, तोंडं पुसली. दगडोबा दारात येऊन उभा राहिला.

"गेलं?"

"गेलं."

"लई रडलं का गं?"

"न्हाई," शकुबाई म्हणाली. "रडत व्हतं, ते थांबलं. मला भ्यालं."