बर्फ नसतानाही उतरलेला समुद्र

फार सुबक आलेख दिसला की मला आधी शंका येते. पुण्यातल्या एका भूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं मी दगड भिजवते, चाळणीतून धुते आणि उरलेल्या रेतीतून समुद्री जीवांची सूक्ष्म कवचं ओल्या ब्रशाने वेचते. तरंगत जगणाऱ्या जीवांची कवचं जास्त निघाली तर समुद्र खोल होता असं धरायचं, तळाशी राहणाऱ्यांची जास्त निघाली तर उथळ. खडकाचा कुठलाही थर मला अजून आलेखाइतका सरळ वागताना दिसलेला नाही.

पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे चंद्रपूरकडचा एक संशोधक आला. तिशीच्या आतला, विश्रांतवाडीत दोघांबरोबर खोली घेऊन राहणारा, रोज दोन बस बदलून येणारा. दक्षिणेतल्या एका खोल विहिरीतून काढलेला, डायनासोरच्या काळातला खडक त्याच्या वाट्याला आला होता. पहिल्याच आठवड्यात त्याने फळ्यावर पृथ्वीची कक्षा काढून मला समजावलं. कक्षा कधी गोल होते, कधी लांबट. अक्षाचा कल कमीजास्त होतो. आणि या बदलांची चक्रं हजारो, लाखो वर्षांची असतात. त्यानुसार ऊन बदलतं आणि समुद्र वरखाली होतो.

"हिमयुगात कळतं," मी म्हणाले. "पाणी ध्रुवांवर गोठलं, समुद्र शंभर मीटरहून जास्त उतरला. पण तुमच्या काळात ध्रुवांवर बर्फच नव्हता म्हणता. मग पाणी गेलं कुठे?"

"जमिनीत, मॅडम. पाऊस वाढला की तळी भरतात, भूजल भरतं. तितकं पाणी समुद्रातून कमी होतं. हिमयुगाइतकं नाही, पण होतं."

"मी धायरीला राहते. आमच्या सोसायटीची बोअर मार्चमध्ये आटते. जमिनीत एवढं पाणी राहतं यावर माझा विश्वास बसायला वेळ लागेल."

तो हसला. मी हसले नाही.

सहा महिन्यांत त्याचा आलेख तयार झाला. लाटांमागून लाटा, एकसारख्या अंतराने. विभागप्रमुख सर इतके खूश झाले की त्यांनी तो दाराबाहेर लावला. मी मात्र रोज येता-जाता त्याच्यासमोर थांबायचे. ते नमुने मी स्वतः धुतले होते. मधल्या एका पट्ट्यात सगळा गोंधळ होता, हे मला आठवत होतं. आलेखात तिथेही लाट होती.

मग कपाटातून, वेचलेली कवचं चिकटवलेल्या बारा काचपट्ट्या नाहीशा झाल्या. नेमक्या त्याच मधल्या थरांतल्या.

"कुठे आहेत हो त्या?" मी विचारलं.

"माझ्याकडे आहेत," तो म्हणाला आणि वही मिटली.

एवढं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवू लागले. तो रविवारी का येतो? मी मागून गेले की स्क्रीन का बदलतो? घरी जेवताना नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू पोलिसात जायला हवं होतंस." मी बोलणं थांबवलं, पण संशय नाही.

बहिणीच्या लग्नासाठी तो गावी गेला तेव्हा मी जादाच्या किल्लीने त्याचा ड्रॉवर उघडला. पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. चार दिवस, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा, मी प्रत्येकीवरची तीनशे कवचं परत मोजली. त्याचे आकडे बरोबर निघाले. मला आनंद व्हायला हवा होता, पण चक्क निराशा झाली. मग वही चाळली. कवचांच्या रकान्यात खाडाखोड नव्हती. थरांच्या वयाचा रकाना मात्र तीनदा खोडून लिहिला होता.

परतल्यावर अर्ध्या तासात तो माझ्या टेबलाशी उभा राहिला.

"मॅडम, तुम्ही माझा ड्रॉवर उघडला?"

"उघडला. तुम्ही पट्ट्या का लपवल्या?"

त्याने दाराकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून हळू आवाजात म्हणाला, "त्यात वरच्या थरातल्या जातीची कवचं आहेत. खालच्या थरात ती असूच शकत नाहीत. चाळणीत आधीच्या नमुन्याची राहिली असावीत. सरांना कळलं तर तुमच्यावर येईल, म्हणून मी आधी खात्री करून राहिलो होतो."

दोन नमुन्यांच्या मधे चाळणी निळ्या रंगात बुडवायची असते, म्हणजे आधीचं कवच चुकून राहिलं तर निळं दिसतं. त्या आठवड्यात बोटांना रंग लागतो म्हणून मी ते टाळलं होतं. आणि चार दिवस मोजताना जाती पाहिल्याच नव्हत्या. फक्त त्याचा आकडा चुकतो का, एवढंच पाहत होते.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. हे वाक्य पुणेरी तोंडातून सहज निघत नाही. "पण वयं तुम्ही का बदललीत?"

"कक्षेच्या चक्राशी जुळवून घेतली. ही पद्धत आहे, मॅडम. सगळे करतात."

"म्हणजे आधी थर चक्रावर बसवायचे, आणि मग चक्र सापडलं म्हणायचं?"

"मलाही रात्री हेच वाटतं," तो म्हणाला. "पण सरांना आलेख आवडला."

त्या दिवशी आम्ही दोघं सरांकडे गेलो. आधी मी माझी चूक सांगितली, मग त्याने त्याची शंका. सर चिडले, मला लेखी खुलासा द्यावा लागला आणि दारावरचा आलेख उतरला. मी बाराही नमुने नव्याने धुतले, या वेळी चाळणी दरवेळी निळी करून. त्याने थरांची वयं चक्राला हात न लावता, खडकातल्या ज्वालामुखीच्या राखेवरून ठरवली. नव्या आलेखात लाटा होत्या, पण बसक्या आणि वाकड्यातिकड्या. मधल्या पट्ट्यात एकही नव्हती. महिनाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. ड्रॉवर उघडल्याबद्दल मी माफी मागितली, तेव्हा "ठीक आहे" म्हणाला. ठीक नव्हतं, ते दोघांनाही कळत होतं.

गेल्या वर्षी त्याच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. तो दोन्ही आलेख शेजारी शेजारी दाखवून म्हणाला, "या भागात चक्र दिसत नाही. का, ते आम्हाला माहीत नाही." 'आम्हाला' म्हणाला तेव्हा मी मान खाली घातली.

त्याची आई गावाहून आली होती आणि शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती. पडद्याकडे बघत तिने माझ्या कानाशी विचारलं, "बाई, हा कायचं सांगून राहिला?"

"समुद्र कधी चढला, कधी उतरला, ते."

"कधीची गोष्ट?"

"कोट्यवधी वर्षांपूर्वीची."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तवा पाहाले कोण होतं? खरं आहे का पण हे?"

मी पडद्यावरच्या वाकड्या रेषेकडे पाहिलं. "बहुतेक," मी म्हणाले. तिला ते फारसं पटलं नसावं, पण तिने मान हलवली आणि आम्ही दोघी पुढे ऐकू लागलो.